थोरल्या आंब्याचा जामीन

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी आमची बैठी चाळ, आणि चाळीच्या मागे तीन आंबे. कुणाच्या तरी जुन्या वाडीतले उरलेले. वाडी गेली, मालक गेला, चाळ आली, हे तिघे काही हलले नाहीत. त्यातल्या सगळ्यांत मोठ्याला आम्ही थोरला म्हणायचो. मी, आई आणि शेजारच्या काकू, तिघींनी मिळून एकदा त्याच्या बुंध्याला मिठी मारून पाहिली, तरी काकूंची बोटं माझ्या बोटांपर्यंत पोचली नाहीत. त्याची खालची फांदीच एवढी जाड की तिच्यावर आडवं होता यायचं. बारावीच्या अभ्यासाच्या नावाखाली मी तिच्यावर दुपारच्या दुपारी झोपा काढल्या आहेत.

मोठी झाडं बघायचं हे वेड मला बाबांनी लावलं. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. दिवसभर कुठल्या तरी बिल्डिंगच्या अंधाऱ्या खड्ड्यात नाहीतर गच्चीवरच्या मशीनरूममध्ये. रविवार आला की त्यांना झाड लागायचं. आम्ही बसने आरे कॉलनीत जायचो. तिथे तबेल्यांच्या मागे एक चिंच होती, तिच्या ढोलीत मी आरामात उभी राहायचे. अंधेरीला एका बंद कारखान्याच्या आवारात गोरखचिंच होती. ती बघता यावी म्हणून बाबांनी वॉचमनला आपली तंबाखूची पुडी देऊन टाकली होती. झाडापाशी पोचलं की ते बुंध्याला तळहात लावायचे आणि बराच वेळ तसेच राहायचे. मग म्हणायचे, "ह्येच्या फुडे आपण कोण गो?" मालवणकडचा माणूस मुंबईत जन्म काढूनही बोलायचा तसाच.

त्याच हाताने ते आम्हाला मारायचे. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

मारायला कारण लागायचं नाही. चहा गार झाला, टीव्हीचा आवाज मोठा झाला, आई फोनवर बहिणीशी जास्त वेळ बोलली. एकदा त्यांनी गरम आमटीचं पातेलं आईच्या पाठीवर उपडं केलं. मी रागाच्या बाबतीत बाबांवर गेलेय. त्या दिवशी मी कुकरचं झाकण फेकून मारलं, ते त्यांच्या भुवईवर बसलं आणि टाके पडले. त्याचं मला काडीचं वाईट वाटत नाही. पण माझ्या अशा मध्ये पडण्याने थांबायचं काहीच नाही, उलट पेटायचं, आणि मग मार दोघींना मिळायचा.

बाबांच्या गावाकडे एक रीत होती. आंबा धरला नाही तर मोहोराच्या आधीच्या अमावास्येला, दिवेलागणीच्या वेळी, त्याला कोयता दाखवायचा. एकाने कोयता घेऊन झाडाला दरडावायचं, कोयत्याच्या बोथट पाठीने बुंध्यावर हाणायचं, तोडून टाकतो म्हणायचं. दुसऱ्याने मध्ये पडून झाडाची हमी घ्यायची. हमी मिळाली की कोयता खाली. झाड घाबरतं आणि मोसमात धरतं, असा हिशेब. थोरला म्हातारा होता, एक वर्ष लगडायचा आणि मग मनाला येईल तोवर झोपायचा. त्यामुळे हा कार्यक्रम आमच्याकडे वरचेवर व्हायचा. चाळीतली माणसं बघायला जमायची, पोरं मोबाइलवर व्हिडिओ काढायची.

मारणारे बाबा, जामीन आई.

"तोडून टाकतंय तुका. काय उपेग तुझो?" बाबा ओरडायचे आणि धप्प धप्प कोयत्याची पाठ बसायची.

"मारू नकात," आई पुढे होऊन म्हणायची. "फुडल्या वर्साक धरतलो. मी हमी घेतंय."

बारावीत मी गणितात आपटले, त्या दिवशी बाबांनी भिंतीवर टांगलेली वायर काढली. माझ्या पिंढऱ्यांवर वळ उठत होते आणि आई तशीच पुढे झाली, तशाच आवाजात म्हणाली, "मारू नकात. फुडल्या वर्साक पास होतला. मी हमी घेतंय." बाबांचा हात खाली आला. मी जमिनीवर पडल्या पडल्या ते बघितलं. हा माणूस आपणहून कधी थांबतच नव्हता. दुसऱ्या कुणीतरी थांबवेपर्यंत मारायचं, एवढंच त्याला ठाऊक होतं, आणि थांबवायचं काम आईचं होतं. आईच मार खात असली की ते काम करायला कुणी उरायचं नाही.

लॉकडाउनमध्ये बाबांची नोकरी गेली आणि परत मिळाली नाही. घर आईच्या पोळीभाजीच्या डब्यांवर चालायला लागलं. ते त्यांना सलायचं. एका सकाळी आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, की पलीकडच्या टॉवरमध्ये वॉचमन हवाय म्हणतायत. तेवढंच. बाबांनी तिचा उजवा हात धरून तिला दारापर्यंत ओढत नेलं, हात चौकटीत ठेवला आणि दार ओढलं. हाड मोडल्याचा आवाज मी स्वयंपाकघरात ऐकला. हॉस्पिटलात आईने सांगितलं, मोरीत पाय घसरला. मी तोंड उघडलं तर तिने टेबलाखाली माझ्या पायावर पाय ठेवला. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि बजावलं, आता या हाताला पुन्हा मार बसला तर लाटणं धरता येणार नाही.

घरी आल्यावर मी म्हणाले, "चल, मावशीकडे जाऊ. कुर्ल्याला. आत्ताच्या आत्ता."

"अमावास्या होऊन जाऊ दे," आई म्हणाली.

थोरला त्या वर्षी धरला नव्हता, हे खरं. पण हात मोडलेली बाई झाडाच्या विधीसाठी थांबते म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं. मी तिला नाही नाही ते बोलले. मूर्ख म्हणाले, लाचार म्हणाले. ती एका हाताने कणीक मळायचा प्रयत्न करत राहिली.

अमावास्येला बाबांनी दुपारपासून कोयत्याला धार लावली. धारेचं खरं तर काही काम नसतं. संध्याकाळी चाळ जमली. आई नेहमीच्या जागी, बुंध्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली, प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवलेला. लोकांनी ते बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

"तोडून टाकतंय तुका," बाबा ओरडले. कोयत्याची पाठ बसली. आई काही बोलली नाही.

बाबांनी पुन्हा हाणलं. "काय उपेग तुझो?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. तिने ऐकलं नसेल असं त्यांना वाटलं असावं, कारण ते अजून जोरात ओरडले. मग त्यांनी कोयता हातात फिरवला आणि धारेने घाव घातला.

साल उडाली. आतलं लाकूड उघडं पडलं. दुसरा घाव, तिसरा, मग मी मोजायचं सोडलं. ढलप्या उडून लोकांच्या अंगावर यायला लागल्या तशी माणसं मागे सरली. पोरांनी मोबाइल खाली केले. कुणीतरी म्हणालं, "काका, बस ना आता, लागेल कुणाला." बाबांना ऐकू गेलं नाही. जखमेतून चीक गळत होता आणि बाबांच्या मनगटावर, शर्टावर उडत होता. ज्या माणसाने मला झाड बघायला शिकवलं तो माझ्यासमोर झाड फाडत होता. मी पुढे व्हायला निघाले तर आईने डाव्या हाताने माझा दंड धरला. तिची नखं रुतली.

"गप रव," ती म्हणाली. "आज कोण जामीन नाय."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, ती कशासाठी थांबली होती.

बाबा घाव घालायचे आणि दर घावानंतर आईकडे बघायचे. त्यांना धाप लागली होती. एवढ्या मोठ्या झाडाला कोयत्याने काय होणार, हे त्यांना सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. तरी हात थांबत नव्हता. शेवटी कोयता लाकडात रुतून बसला आणि हलेना. बाबांनी मूठ सोडली नाही. तसेच वाकून, हळू आवाजात म्हणाले, "अगो, म्हण मां."

"काय म्हणू?"

"फुडल्या वर्साक धरतलो म्हण."

आईने थोरल्याच्या जखमेकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "थांबाचा तर तुमचे तुमी थांबा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण सगळ्या चाळीने ऐकलं. मग ती वळून खोलीत गेली आणि भरून ठेवलेली पिशवी डाव्या हातात घेऊन बाहेर आली.

लोकांनी वाट करून दिली. बाबांनी एकदा कोयता ओढून बघितला. मग मान वर केली तेव्हा त्यांच्या समोर मीच होते.

"तू तरी म्हण गो," बाबा म्हणाले.

ते वाक्य माझ्या तोंडात आलं होतं. मला त्यांची दया आली होती, खोटं कशाला बोलू. मी ते गिळलं, पुढे होऊन आईच्या हातातली पिशवी घेतली आणि तिच्याबरोबर रिक्षा बघायला निघाले.