कार्बनची सायकल आणि कडब्याची दोरी

आमच्या कुरकुंभच्या कंपनीतल्या शिफ्ट इनचार्जना चाळिशीत सायकलचं वेड लागलंय. परवा लॅबमध्ये येऊन म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडं कार्बनची रेसिंग सायकल होती ना? घ्यावी का तसली? फायदे-तोटे सांगा."

फायदे आधी सांगितले, कारण ते सांगताना मला अजून बरं वाटतं. दोन बोटांवर उचलता येते. पायडलवर दिलेला जोर वाया जात नाही, लगेच चाकात उतरतो. मांडवगण फराट्याहून वडगाव रासाईकडे निघालं आणि समोरून वारा लागला, की माझी जुनी लोखंडी सायकल रडकुंडीला आणायची. हिच्यावर मी त्याच वाऱ्यात वाकून गाणं म्हणत जायचे. तोटे म्हणाल तर टायर बोटाएवढं बारीक, बाभळीचा काटा लागला की बसा रस्त्याकडेला. उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या डांबरावर हाडं खिळखिळी होतात. इथवर सांगितलं आणि थांबले. सगळ्यात मोठा तोटा मी कुणालाच सांगत नाही.

ही सायकल मी पुण्यातल्या एका माणसाकडून वापरलेली घेतली होती. भला माणूस. देताना तीनदा बजावलं त्यानं, "फ्रेमची नळी कधी आवळू नका. रस्त्याचे हजार दणके सोसेल, पण बाजूनं दाबली तर अंड्यासारखी फुटेल."

माझे वडील, आप्पा, तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले होते, "स्टँड न्हाई, कॅरिअर न्हाई, घंटी न्हाई. मग हाय काय हिच्यात?" पोरीनं तंग चड्डी घालून रस्त्यानं फिरावं हे त्यांना मुळातच पसंत नव्हतं. त्यानंतर कित्येक महिने ते माझ्याशी कामापुरतंच बोलले.

मग दौंडच्या बाजूला राज्याच्या संघासाठी निवड चाचणी ठरली. तेवीस वर्षांच्या आतल्या गटात माझं ते शेवटचं वर्ष. मी सायकल चालवतच जाणार होते. सकाळी टायरमध्ये हवा भरत होते, तेवढ्यात आप्पा पिकअप घेऊन दारात उभे. "शर्यतीचा बैल कुणी चालवत नेतं का? गाडीत घालूनच नेत्यात. दम राखाय लागतो."

मला रडूच आलं. आप्पांनी पहिल्यांदा माझ्या सायकलीला शर्यतीच्या बैलाचा मान दिला होता.

त्यांनी सायकल हौद्यात आडवी ठेवली. खाली पोती, वरून कडबा बांधायची दोरी. नळीवरून दोरी घेतली, दांडकं घातलं आणि पीळ द्यायला लागले. एक, दोन, तीन. "मी बांधलेला भारा आजवर कवा सुटला न्हाई," म्हणाले आणि चौथा पीळ दिला. काहीतरी बारीक कुरकुरलं. पुणेकराचं अंडं मला त्याच क्षणी आठवलं होतं. "आप्पा, सैल करा," एवढंच म्हणायचं होतं. पण ज्या माणसानं उभा जन्म भारे बांधले त्याला दोरी कशी बांधायची ते मी सांगायचं? आणि तेही इतक्या महिन्यांनी तो माझ्यासाठी हसत असताना? मी पुढच्या सीटवर जाऊन बसले.

चाचणीच्या ठिकाणी सायकली तपासणाऱ्यानं नाण्यानं नळीवर टकटक केली. सगळीकडं टणक आवाज येत होता, एका जागी बद्द आला. त्यानं फडक्यानं धूळ पुसली. केसासारखी रेघ, अर्धी नळी वेढून गेलेली. "सॉरी ताई, हिच्यावर नाही बसू देणार." जुनी सायकल घरी भिंतीला टेकलेली होती आणि शर्यत वीस मिनिटांवर. मी हात जोडले, भांडले, पण त्याचंही बरोबरच होतं. ज्यांना मी दर रविवारी मागं टाकत होते, त्या मुली माझ्यासमोरून सुटल्या.

आप्पा धावत आले. "काय झालं? तडा कशानं गेला?"

"जुनाच असंल," मी म्हणाले.

परतताना त्यांनी सायकल पुन्हा बांधली, तशीच. दोरीचं दुसरं टोक मी धरलं होतं.

ती फ्रेम आता गोठ्याच्या आढ्याला टांगलीय. मला तिचा राग येतो, आप्पांचा येतो आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. वर्षं गेली, पण पाहुणे आले आणि नजर वर गेली की आप्पांची गोष्ट सुरू होते. पुण्याच्या माणसानं फुटकी सायकल गळ्यात मारली, पोरीचं वाटोळं केलं, असल्याचं कधी भलं व्हायचं न्हाई. "न्हाईतर आपल्या बांधणीत सायकल केसभर हालली नव्हती," असं म्हणून ते माझ्याकडं वळतात. "व्हय का न्हाई गं?"

"व्हय, आप्पा," मी म्हणते.