वर्कशॉपमधली खडी गंमत

किस्से कोणी गोळा करत नाही. ते अंगावर बसत जातात. आमच्या गोंदियात राइस मिलच्या आवारातून नुसते चालत गेले तरी घरी आल्यावर केसांत कोंडा सापडतो, तसे. मी आयुष्यभर लोकसाहित्याचा अभ्यास केला. गावोगाव फिरून गाणी आणि कथा मुद्दाम टिपून घेतल्या, त्यांचे वर्गीकरण केले. परंतु निवृत्तीनंतर काही वर्षे मी कुडव्याच्या पलीकडल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शनिवारी दुपारी जात असे, तिथले किस्से मी टिपले नाहीत. ते आपोआप साचले. एखादा पालक मला विचारतो, "सर, इंजिनिअरिंगच्या पोरांना हे गाणे-नाचणे कशाला?" तेव्हा उत्तर देण्याऐवजी मी त्यांतला एखादा सांगतो. सगळे मात्र सांगत नाही, कारण सगळे सांगायचे तर शेवटापर्यंत जावे लागते. आज जातो.

*

कॉलेजात तपासणी समिती येणार होती, आणि अशा समितीला 'अभ्यासेतर उपक्रम' दाखवावे लागतात. त्यामुळे लोककला मंडळाचा फलक आधी रंगला आणि मंडळ नंतर स्थापन झाले. रिकामी खोली नव्हती, म्हणून वर्कशॉपमध्ये लेथ मशीनच्या बाजूचा कोपरा मिळाला. मी मुलांना खडी गंमत शिकवावी, असे ठरले.

खडी गंमत हा आपल्या झाडीपट्टीतला गाण्याबोलण्याचा खेळ. शाहीर, ढोलकी वाजवणारा, लोकांना हसवणारा गंमत्या आणि झीलकरी, सारे उभ्यानेच सादर करतात. शाहिराने ओळ म्हटली, की तिचे शेवटचे शब्द उचलून धरायचे, हे झीलकऱ्यांचे काम.

पहिल्या शनिवारी सिव्हिलचा विनोद आला. दरेकसा गावचा, उंच, हाताची घडी कधी न सोडणारा. त्याने आल्याआल्या विचारले, "सर, याची अटेंडन्स भेटते का?"

मी नाही म्हणालो.

"सर्टिफिकेट?"

तेही ठरलेले नव्हते. तो जरा विचारात पडला आणि मग लेथला टेकून उभा राहिला. "जाऊ द्या. आता आलोच आहो तं थांबतो. बाहेर तपून राहिलं."

समिती आली, फलकाचा फोटो काढून, चहा घेऊन गेली. मंडळ मात्र चालू राहिले, कारण ते बंद करायचे कोणाला आठवलेच नाही. आणि उन्हामुळे थांबलेला तो मुलगा पुढे आमचा गंमत्या झाला.

*

ढोलकी प्राचीकडे गेली. ती कॉम्प्युटरची. गोंदिया शहरात तिच्या वडिलांचे कापडाचे दुकान, घरची भाषा हिंदी. लग्नाघरच्या बायकांच्या गाण्यांत ढोलक वाजवून तिचा हात आधीच तयार झालेला होता. मराठी ती जपून बोलत असे, परंतु लयीत तिला कोणी चूक दाखवू शकत नसे.

तिच्या आईने एकदा तिला विचारले, "बेटा, इंजीनियरिंग में ढोलक भी सिखाते हैं क्या?"

प्राची म्हणाली, "नहीं मम्मी. वो तो मैं उनको सिखाती हूँ."

हे तिनेच मला सांगितले, आणि सांगताना 'उनको' म्हणजे कोण, हे स्पष्ट करण्यासाठी माझ्याकडे बोट दाखवले.

*

शाहीर होता केशोरीचा खेमराज. मेकॅनिकलचा, बारीक चणीचा. डोळ्यांत नेहमी किंचित पिवळी झाक. तो कवने बांधायचा आणि ती झटकन बांधायचा. विनोदला सर्व्हेइंगचा विषय डोक्यात शिरत नव्हता, म्हणून खेमराजने तो पूर्ण विषयच गंमतीच्या चालीत बसवून दिला. मोजणीत होणाऱ्या चुकांचे प्रकार असे होते:

"पहिली चूक यंत्राची, दुसरी चूक माणसाची, तिसरी चूक निसर्गाची, जी जी रं जी."

विनोदने ते सगळे पाठ केले. व्हायवाच्या दिवशी नागपूरहून आलेल्या परीक्षकांनी नेमके तेच विचारले. विनोद गप्प. ओठ मात्र हलत होते. परीक्षकांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि मग काय चालले आहे, असे विचारले.

"सर, मी गणपतीपर्यंत पोचलो आहो," विनोद म्हणाला. "चुका पुढच्या कडव्यात आहेत."

मौखिक परंपरेचा अभ्यासक म्हणून मला या उत्तराचे फार मोल वाटते. पाठांतर पुस्तकासारखे मधूनच उघडता येत नाही. गंमतीत आधी गण, म्हणजे गणपतीचे स्तवन, आणि मगच पुढचे सारे. ज्याने गाऊन पाठ केले, त्याला गणापासूनच निघावे लागते. परीक्षकही बहुधा मूळचे आमच्याच भागातले असावेत. त्यांनी पेन खाली ठेवले आणि म्हणाले, "घ्या, घ्या. गणपतीला घाई नका करू."

विनोद पास झाला. या किश्शाच्या आता कॉलेजात अनेक आवृत्त्या आहेत. एकीत तर परीक्षक स्वतःच झील धरतात. तसे झाले नव्हते. परंतु लोककथा अशाच वाढतात, म्हणून मी ती दुरुस्त करत नाही.

*

खेमराजचे वडील तुळशीरामभाऊ एका शनिवारी न सांगता आले. केशोरीहून सकाळच्या बसने निघालेले, अंगात धुतलेला पांढरा शर्ट. वर्कशॉपच्या दारात उभे राहून त्यांनी मुलाला गाताना पाहिले. गाणे संपल्यावर माझ्याजवळ आले आणि शांतपणे विचारले, "सर, हे कायले?"

मी त्यांना नीट समजावून सांगितले. दहा जणांत मिळून काम करता येणे, लोकांसमोर न घाबरता उभे राहणे, हे वर्गात शिकवता येत नाही. कंपन्याही आता मुलाखतीत हेच पाहतात. नोकरीत याचा उपयोग होतो. माझे बोलणे मुद्देसूद होते आणि त्यातला शब्दही खोटा नव्हता. त्यांनी ते सगळे ऐकून घेतले.

"नोकरीचं पाहू, सर," ते म्हणाले. "अगुदर त्याले जगू द्या."

तेव्हा मला कळले की खेमराजला लहानपणापासून सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. डोळ्यांतली ती झाक त्याचीच. थंडी लागली, ताप आला, दमणूक झाली, की सांधे असे दुखायचे की हा मुलगा अंथरुणात मुठी आवळून पडायचा. रक्त कमी, त्यामुळे चटकन दम लागायचा. वडिलांची मागणी एवढीच होती की त्याने हे सोडावे आणि अभ्यास करून डिग्री घ्यावी. खेमराजचीही एक मागणी होती. दिवाळीनंतर केशोरीची मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, भर दुपारी गावोगावच्या गंमती उभ्या राहतात, तिथे एकदा गायचे. आपल्या गावात, आपल्या माणसांसमोर. मग सोडतो, असे तो वडिलांना म्हणाला.

तुळशीरामभाऊ हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. तालमीत तरी बसून गाईल, एवढे त्यांनी आमच्याकडून कबूल करून घेतले. उभ्याने गाण्याच्या खेळात आमचा शाहीर वर्कशॉपच्या स्टुलावर बसू लागला.

विनोद म्हणाला, "सर, तुमच्या पुस्तकात लिहून ठेवा. हा नवा प्रकार, बसकी गंमत."

सर्वांत मोठ्याने खेमराजच हसला, आणि मग बराच वेळ दम खात राहिला.

*

शेवटच्या वर्षी कॅम्पस इंटरव्ह्यू झाले. खेमराजची लेखी परीक्षा उत्तम गेली होती. मुलाखतीत तिघे जण होते. त्यांनी मंडळाविषयी विचारले, त्याने मोकळेपणाने सांगितले. मग त्यांतल्या एकाने सर्वत्र विचारतात तो प्रश्न विचारला, की पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे पाहतोस.

या प्रश्नाचे उत्तर सगळ्या मुलांना पाठ असते. खेमराजलाही असणार. परंतु तो म्हणाला, "सर, मी मंडईपर्यंतच पाहतो. तिथं गायचं आहे."

बाहेर आल्यावर हे त्याने मंडळात सांगितले, तेव्हा मुलांनी त्याला पार धारेवर धरले. विनोद म्हणाला, "काऊन बे? मॅनेजर होतो म्हणून सांगाले काय जात होतं तुह्यं?"

"थे खोटं झालं असतं ना गा," खेमराज म्हणाला.

त्याची निवड झाली नाही. प्राचीची आणि विनोदची झाली. दोघांनाही मुलाखतीत मंडळाविषयीच अधिक विचारले होते. म्हणजे मी तुळशीरामभाऊंना जे सांगितले, ते खरे ठरले. फक्त ते त्यांच्या मुलाच्या बाबतीत ठरले नाही.

*

भाद्रपदात त्याला ताप आला आणि छातीत उतरला. आधी गोंदिया, मग नागपूर. नागपूरला हलवण्याच्या आदल्या संध्याकाळी मी, प्राची आणि विनोद भेटायला गेलो. नाकाला ऑक्सिजन होता, बोलायची मनाई होती. प्राची पलंगाच्या कडेला उभी राहून लोखंडी दांडीवर हलकेच बोटांनी वाजवू लागली. तो डोळे मिटून ऐकत होता. एका ठिकाणी त्याने डोळे उघडले आणि मान हलवली. तिची एक मात्रा चुकली होती. तिने पुन्हा पहिल्यापासून घेतले.

तो नागपूरहून परत आला नाही.

*

कॉलेजात शोकसभा झाली. प्राचार्य बोलले, विभागप्रमुख बोलले. खेमराज हुशार, शांत आणि होतकरू होता, असे सर्वांनी सांगितले. मग मित्रांतर्फे दोन शब्द बोलण्यासाठी विनोदचे नाव पुकारले गेले.

तो उठला. व्यासपीठावर जाऊन हाताची घडी घालून उभा राहिला. आणि मागच्या रांगांतली पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुले हसली.

त्यांचा दोष नव्हता. विनोद असा घडी घालून पुढे आला की हसायचे, हेच त्यांनी आजवर पाहिले होते. गंमत्या तोंड उघडण्याआधी हसू येणे ही या खेळातली जुनी रीत आहे. मी स्वतःच ती मुलांना शिकवली होती. हसू फुटले आणि लगेच मुलांच्या लक्षात आले. अनेकांनी तोंडावर हात ठेवले. प्राध्यापक मागे वळून पाहू लागले.

विनोदने त्यांना थांबू दिले. मग म्हणाला, "त्याचीच गाणी होती. मी फक्त मधात उभा राहत होतो." आणि खाली येऊन बसला.

*

तेरवीला आम्ही केशोरीला गेलो. तुळशीरामभाऊंनी मला मांडवाच्या एका बाजूला नेले. त्यांचा आवाज वर्कशॉपात होता तसाच शांत होता.

"सर, तुम्ही शिकलेले आहा. खरं सांगा. गायल्यानं गेला का थो?"

डॉक्टरांनी सांगितले होते तेच मी सांगितले. संसर्ग होता, तो छातीत उतरला, गाण्याचा त्याच्याशी संबंध नाही. त्यांनी मान हलवली. ऐकले, पण पटले नाही, अशा वेळी माणूस हलवतो तशी. 

निघताना मी विनोदला खुणावले. मंडईतले आमचे नाव काढून घ्यावे, असे त्याने गावातल्या मंडळींना सांगितले. ते तुळशीरामभाऊंच्या कानावर गेले. ते एवढेच म्हणाले, "येऊ द्या."

दिवाळी झाली. मंडईचा दिवस आला. आमच्यापुढे अडचण होती की शाहीर कोण होणार. खेमराजची कवने सर्वांना येत होती, पण त्याच्या जागी उभे राहायला कोणी तयार होईना. विनोद तर साफ नाही म्हणाला. शेवटी प्राचीने सुचवले की शाहिराच्या ओळी कोणीच म्हणायच्या नाहीत. त्या ओळींच्या जागी नुसती ढोलकी वाजेल, आणि ओळ संपते तिथे झीलकरी नेहमीसारखे शेवटचे शब्द उचलतील. माझ्या सगळ्या अभ्यासात असा प्रकार मी कुठे पाहिला नव्हता. परंतु मी हरकत घेतली नाही.

भर दुपार. भोवती पाळणे, मिठाईची दुकाने, दुसऱ्या टोकाला दुसऱ्या एका गावची नाच-सोंगांची दंडार. आमच्याभोवती कडे जमले. प्राचीने सुरुवात केली. गणाची पहिली ओळ रिकामी गेली, फक्त ढोलकी. मग झील आली. लोकांना आधी काही कळेना. कोणीतरी विचारले, शाहीर कुठे आहे. केशोरीच्या माणसांनी त्याला हळूच सांगितले असावे, कारण कडे एकदम शांत झाले. दुसरी ओळ रिकामी गेली. झील आली. तिसरी.

प्राचीचा हात संथ होता. खेमराज बसून गाऊ लागल्यापासून त्याला मध्ये श्वास घेता यावा म्हणून ती चाल धीमी ठेवत आली होती. तिला कोणी तसे सांगितले नव्हते. आता तिला दुसरी चाल उरलीच नव्हती.

तुळशीरामभाऊ कड्याच्या मागे उभे होते. माणसांना बाजूला सारत ते पुढे आले, रिंगणात शिरले आणि प्राचीजवळ जाऊन वाकले. मी बाजूलाच होतो, म्हणून मला ऐकू आले.

"पोरी, वाढव चाल," ते म्हणाले. "आता त्याले दम नाई लागत."