कॉन्सल आणि तांडेल

त्या आठवड्यात मी वर्गात रोमच्या एका कॉन्सलचा खटला शिकवत होते आणि घरी बाबांचा खटला रविवारवर येऊन ठेपला होता.

मी नवीन पनवेलच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते. खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. बाबांनी मला मासळीच्या टोपलीला कधी हात लावू दिला नाही. आज मी फळ्यासमोर उभी राहते ती त्यांच्या त्या हट्टामुळे.

बाबा तांडेल, म्हणजे होडी चालवणारे. होडी घरची असली, तरी खलाशांचा जीव तांडेलाच्या हाती असतो, म्हणून सुकाणूवर कोण बसणार हे आमच्याकडे गावकी ठरवते. तांडेलाकडून मोठी चूक झाली की त्याच्या सुकाणूचा दांडा काढून देवळासमोर जमिनीवर ठेवतात. सभेत दुसऱ्या तांडेलाने तो उचलला, तर चूक पोटात घातली असं समजतात. कुणीच उचलला नाही, तर तो माणूस पुन्हा सुकाणू धरत नाही. स्वतःचा दांडा स्वतः उचलायचा नसतो.

बाबांनी बंदी असलेल्या वाटेत जाळं टाकलं होतं. न्हावा शेव्याला जाणारी मोठी जहाजं तिथून जातात. आदल्या दिवशी तिथेच पापलेटं गावली, म्हणून ते पुन्हा गेले. जहाज आलं, जाळं ओढलं गेलं, होडी कलंडली. मागून येणाऱ्या काकांनी, म्हणजे शेजारच्या तांडेलाने, सगळ्यांना वर काढलं. पण एका खलाशाचा पाय मोडला. तेव्हापासून बाबा धड जेवत नव्हते.

शनिवारी दुपारी ते ओट्यावर उरलेलं जाळं सांधत होते. मी शेजारी बसून सोमवारच्या तासाची तयारी करत होते.

"काय वाचतंस?"

"रोममधला एक कॉन्सल आहे."

"म्हंजे नगरसेवक?"

"त्याहून खूप मोठा. दोघे असायचे, वर्षभरापुरते. राज्य त्यांचं आणि लढाईतही पुढे तेच. हा पॅट्रिशियन होता, म्हणजे उच्च कुळातला."

"वर्सभरच? मंग बरा हाय."

मी सांगत गेले. शत्रू रोमच्या समोरच्या टेकडीवर येऊन बसला होता. शहरात धान्य नव्हतं. एके दिवशी या कॉन्सलला छोटासा विजय मिळाला. त्या जोरावर आणि उपासमारीच्या धास्तीने दुसऱ्या दिवशी तो थेट टेकडी चढून गेला. माणसं कापली गेली. दुसरा कॉन्सल वेळेवर धावला, म्हणून उरलेले वाचले.

बाबांची सुई थांबली. "आदल्या दिशी गावला, म्हनून दुसऱ्या दिशी गेला."

"हो."

"मंग?"

"वर्ष संपलं, पद गेलं. सामान्य लोकांचे प्रतिनिधी असायचे, त्यांनी त्याच्यावर खटला भरला. माणसं फुकट मारलीस म्हणून."

आई आतून म्हणाली, "लेक शिकली, आता बापाला वकील रोमवरना आनते. त्याला इचार, कालवनाला मीठ किती टाकू."

बाबा हसले नाहीत. "त्याच्या आदी कुनावर खटला जालता काय?"

हेच मला सांगायचं नव्हतं. पण बाबांना मी कधी खोटं सांगितलेलं नाही. "झाला होता. त्याच्या आधीच्या कॉन्सलवर. आपली तुकडी अडचणीत असताना तो जवळ असून मदतीला गेला नाही, असा आरोप होता. त्याच्यासाठी मोठमोठ्यांनी लोकांना खूप विनवलं. तरी दंड झाला. ती लाज त्याला सोसली नाही. आजारी पडला आणि गेला."

"आनि ह्यो दुसरा?"

"याने विनवणी केली नाही. लोकांनाच विचारलं, पहिल्याला तुम्ही कसं वागवलंत? सुटला."

बाबांनी दोरा दातांनी तोडला. "मंग मी पन हात नाय जोडनार."

गावकीला माफी हवी होती आणि मी बाबांच्या हाती भलतंच काही देऊन बसले होते.

रविवारी सकाळी देवळासमोर सगळा कोळीवाडा जमला. मध्ये दांडा. पाय मोडलेल्या खलाशाची आई अगदी पुढे बसली होती. गावकीच्या पाटलांनी विचारलं, "काय सांगाचा हाय तुला?"

"चुकला माजा," बाबा म्हणाले. हात बाजूलाच होते. "त्याचा पाय माज्या मुलं मोडला. पन मी तित का गेलो, ह्ये कोन इचारतो? खाडीत काय ऱ्हायलाय आता? इतं बसलेल्यांत तित कोन कोन जातो, मना ठाव नाय काय?"

कुजबुज उठली. कुणीतरी ओरडलं, "पाय मोडून वर आमालाच शानपन!"

"हात जोड की रं!" दुसरा म्हणाला.

बाबांनी हात जोडले नाहीत.

"दांडा कोन उचलतो?" पाटलांनी विचारलं.

कुणी हललं नाही. मी काकांकडे पाहिलं. ते मान खाली घालून नखाने जमीन उकरत होते. पाटील पुन्हा विचारायला उठू लागले, तेवढ्यात त्या खलाशाची आईच काकांवर कडाडली, "तुजी जीभ शेवंडानं खाल्ली काय रं? तू व्हतास ना तित?"

काका उभे राहिले. "मी तित येवड्या लौकर पोचलो कसा, कुनी इचारला नाय. मी पन तितंच जाला टाकायला निंगालो व्हतो. त्यो फुडं, मी मागं. येवडाच फरक."

काकांनी दांडा उचलला. पण बाबांच्या हातात दिला नाही, स्वतःच्या खांद्यावर घेतला.

"ह्या मोसमाला दांडा माज्याकं. आनि त्यो माज्या होडीवर खलाशी. फुडच्या नारली पुनवेला त्याचा त्याला. मावशी, चालंल?"

खलाशाच्या आईने पदर सावरला. "चालंल. पन तित जाशील तं तुजा बी दांडा मीच आनून ठेवीन."

सगळे बाबांकडे बघू लागले. इतकी वर्षं सुकाणूवर बसलेला माणूस दुसऱ्याच्या होडीवर वल्हं मारणार? बाबा घरी निघून गेले.

ताट तसंच राहिलं. संध्याकाळी ओट्यावर येऊन म्हणाले, "तुजा त्यो कॉन्सल सुटला. मंग घरी बसला काय?"

"नाही. लगेच पुन्हा लढाईवर गेला. नव्या कॉन्सलच्या हाताखाली."

"हाताखाली?"

"हो."

"ह्ये काल का नाय सांगतलास?"

"तिथपर्यंत मी वाचलंच नव्हतं, बाबा. आज दुपारी वाचलं."

बाबा आत वळून म्हणाले, "वाढ गो जेवायला."

सकाळी भरतीच्या वेळी मी बंदरावर गेले. बाबा गुडघाभर पाण्यातून चालत काकांच्या होडीत चढले आणि सवयीने मागे, सुकाणूकडे निघाले.

"तित नाय," काका हळूच म्हणाले. "फुडं."

बाबा वळले. मग पुढे जाऊन बसले आणि त्यांनी वल्हं हातात घेतलं.