फुलीतली वाकडी रेषा

मुलुंडच्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. पार्ट सरळ आहे की नाही हे मोजायच्या आधीच मला दिसतं, अशी माझी घमेंड. कॉलेजात एनसीसीमुळे रायफल हातात आली ती सुटली नाही. रविवारी सकाळी क्लबच्या रेंजवर दुर्बीण लावलेल्या रायफलने पन्नास मीटरवर नेम धरायचा, एवढं एक सुख मी संसारातून बाजूला काढून ठेवलं होतं.

त्या अंतरावरचा दहा गुणांचा गोल करंगळीच्या नखाएवढा. दुर्बिणीतली नेमाची फुली जाड असेल तर तो तिच्यामागे लपतो आणि गोळी अंदाजाने सुटते. फार बारीक असेल तर ढगाळ उजेडात फुलीच हरवते. नवशिक्यांना मी सांगायचे, कडेला जाड आणि मध्ये बारीक होत जाणारी घ्या. स्वतःसाठी मात्र केसासारखी घेतली, मधोमध इवलासा ठिपका असलेली. ठिपक्याभोवती गोलाची कड चहूबाजूंनी सारखी दिसली की ट्रिगर दाबायचा.

एका पावसाळ्यानंतर फुलीची उभी रेषा ठिपक्यापाशी किंचित वाकडी दिसायला लागली. दुर्बीण बिघडली असणार. अंधेरीच्या दुरुस्तीवाल्याने ती जशीच्या तशी परत दिली. "मॅडम, काही झालेलं नाही हिला." त्याची अक्कल काढून मी ती पुन्हा त्याच्याकडेच पाठवली. शेवटी दुसरी घेतली, तर वाक तिच्यातही. तेव्हा तरी कळायला हवं होतं. मी म्हटलं, हल्ली सगळा मालच भिकार येतो.

क्लबात दुसऱ्याच्या दुर्बिणीला डोळा लावायचा नाही, असा रिवाज आहे. प्रत्येकाने ती आपापल्या नजरेला जुळवलेली असते. हा रिवाज मीच सगळ्यांत कडक पाळायचे, त्यामुळे बरेच दिवस क्लबातल्या कुणी माझ्या दुर्बिणीतून पाहिलंच नाही. नेम धरताना माझा डावा डोळा झाकलेला असे. एरवी घरात, कारखान्यात दोन्ही डोळे उघडे, आणि डावा उजव्याचं सगळं सांभाळून घेत होता.

माझ्या गोळ्या भरकटायला लागल्या तशी क्लबातली मालवणकडची मैत्रीण एकदा न विचारता माझ्या चटईवर आडवी झाली आणि तिने दुर्बिणीला डोळा लावला.

"सरळच आसा गो. खय वाकडी दिसता तुका?"

"तुला काय कळतंय त्यातलं!"

"नाचता येईना, अंगण वाकडं," ती हसून म्हणाली. मी तिच्याशी कितीतरी रविवार बोलले नाही. ज्या दिवशी ठिपकाच दिसेनासा झाला, त्या दिवशी घाटकोपरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी उजव्या डोळ्यासमोर चौकटींचा एक कागद धरला, मधोमध ठिपका असलेला. रेषा मध्ये ओढल्यासारख्या वाकल्या होत्या आणि ठिपक्याच्या जागी करडा डाग. मला हसूच आलं. "हे तर मी दर रविवारी बघते, डॉक्टर."

ते हसले नाहीत. कधीपासून, विचारलं. टार्गेटच्या कागदांवर तारखा घालायची मला सवय, त्यामुळे नेमका रविवार सांगता आला.

"तेव्हाच यायला हवं होतं. डोळ्याच्या पडद्यावर मधोमध आता व्रण झालाय. इंजेक्शनांनी तो वाढायचा थांबेल कदाचित, गेलेली नजर येणार नाही. डाव्यालाही होऊ शकतं, जपा."

रायफल मी विकली. जन्मभर लोकांच्या चुका डोळ्यांत तेल घालून शोधल्या, आणि स्वतःच्या डोळ्याचा दोष एका बिचाऱ्या काचेवर ढकलला. याचा राग अजून जात नाही.

तो चौकटींचा कागद आता फ्रिजवर लावलाय. रोज सकाळी उजवा डोळा झाकून डाव्याने त्याच्याकडे बघते. रेषा सरळ दिसतात, पण माझा माझ्यावर विश्वास नाही. मुलीला हाक मारते, "सरळ आहेत ना गं?"

"सरळच आहेत, आई," ती डबा भरता भरता म्हणते.

तिला सरळच दिसणार. वाकतील तेव्हा त्या फक्त मलाच दिसतील.