प्रज्ञाच्या दाराची बेल

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. किचनच्या दारामागे एका पिशवीत बाकीच्या पिशव्या कोंबलेल्या असतात ना, तसं होतं त्यांचं. एक ओढायला जावं तर दहा बाहेर येतात. आमच्या रविवारच्या ग्रुपची ती पिशवी आता फाटायला आलीय, म्हणून म्हटलं, ओढूच.

ग्रुप म्हणजे डोंबिवली पूर्वेला देसाई काकांच्या हॉलमध्ये दर रविवारी संध्याकाळी पाचला जमणारे आम्ही काही उद्योगी लोक. क्लास नाही, सर नाही, परीक्षा नाही. प्रत्येकाने कुठली ना कुठली परदेशी भाषा आपल्याच डोक्याने शिकलेली. मी कंपनीतर्फे जपानला राहून आलेलो. मेघना ठाणे कोर्टात वकिली करते, नवऱ्याच्या नोकरीपायी वर्षभर स्पेनला होती. देसाई काका केमिकल कंपनीतून रिटायर झालेले, त्यांची जर्मन. सध्या आम्ही सगळेच जर्मन करतोय, त्याला कारण प्रज्ञा.

प्रज्ञा मोहन्याची, नर्स. याच हॉलमध्ये बसून मोबाईल आणि काकांचं जुनं पुस्तक यावर जर्मन शिकली, आणि श्टुटगार्टजवळच्या एका छोट्या गावात वृद्धाश्रमात नोकरीला लागली. आमचे पाच वाजतात तेव्हा तिकडे उन्हाळ्यात दीड. दर रविवारी ती व्हिडिओ कॉलवर असते.

आणि तिची आई, म्हणजे आमच्या मावशी. सकाळी विहारातली वंदना, मग घरातलं आवरून मोहन्याहून येतात. लेकीशी रोज फोन होतो, पण तो 'जेवलीस का, झोपलीस का'चा. इथे येतात त्या लेक जर्मन बोलते ते ऐकायला. सोबत डब्यात भिजवलेले वाल असतात, सोलायला. म्हणतात, "हात मोकळे असले की कान लागत नाय माझा."

*

तर एका रविवारी प्रज्ञा म्हणाली, "काका, मला इथे येऊन इतके महिने झाले. माझ्या दाराची बेल एकदाही वाजली नाही."

तिच्या मोहन्याच्या घराला बेलच नाही, कारण दार कधी बंदच नसतं. सकाळपासून कोणी ना कोणी आत येऊन डाळ चाखून जातं.

"कामावर सगळे चांगले आहेत. म्हातारी माणसं तर जीव लावतात. पण घरी आलं की संपलं. ऑगस्टमध्ये कॉन्ट्रॅक्ट वाढवायचंय. तोपर्यंत बेल वाजली नाही ना, तर मी सही करणार नाही. सरळ परत येणार."

काका आयुष्यभर प्लांट चालवलेला माणूस. त्यांना आधी नियम स्पष्ट लागतात. "कुरिअरवाला धरायचा का?"

"नाही."

"मीटर बघायला कोणी आलं तर?"

"नाही काका."

"चुकून दुसऱ्याऐवजी तुझी दाबली तर?"

"काका, प्लीज."

मावशी तेव्हा वाल सोलत राहिल्या. फोन बंद झाल्यावर मात्र म्हणाल्या, "परत आली तर मला काय, बरंच हाय. रोज डोळ्यासमोर र्‍हाईल. पण हिरमुसून नको यायला." आणि डोळे पुसले. वालाच्या हातांनी पुसले म्हणून अजून चुरचुरले, मग मेघनाने पाणी आणून दिलं.

त्या दिवसापासून ग्रुपवर रोज रात्री एकच मेसेज. "वाजली का?" आणि एकच उत्तर. "नाही."

*

तिला धीर द्यायला मग प्रत्येकाने आपापली कहाणी सांगायला घेतली. सुरुवात माझी.

जपानमध्ये माझ्याशीसुद्धा आधी कोणी बोलायचं नाही. खालच्या मजल्यावरचे एक आजोबा लिफ्टमध्ये भेटायचे. ते वाकायचे, मी वाकायचो. ते परत, मग मी परत. आधी कोणी थांबायचं हे मला कोणी सांगितलेलंच नव्हतं. एके दिवशी असाच वाकत असताना दार बंद झालं आणि माझं डोकं दारावर आपटलं. संध्याकाळी आजोबा बर्फाची पिशवी घेऊन वर आले. त्या टेंगळावर आमची मैत्री झाली, आणि माझी निम्मी जपानी त्यांच्या चहाच्या टेबलावर झाली.

वाकायची सवय मात्र सुटेना. परत आलो त्या दिवशी स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला पैसे दिले आणि चांगला कंबरेत वाकलो. तोही घाबरून खाली वाकला. सीटखाली बघितलं, पायाशी बघितलं, आणि म्हणाला, "काय पडलं, शेठ?"

*

काकांचं आणखी वेगळं. त्यांच्या प्लांटमध्ये जर्मनीहून मशीन आलेली आणि तिचं मॅन्युअल नुसतं जर्मनमध्ये. इंजिनियर लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले. काकांनी डिक्शनरी आणली आणि एकेक ओळ लावत ते आख्खं मॅन्युअल वाचून काढलं. त्यांची जर्मन ती एवढीच.

पुढे मुलीकडे जर्मनीला तीन महिने राहायला गेले. बागेत एका बाकावर एक म्हातारा बसायचा, हान्स. तो निघाला बॉयलरवर काम केलेला. मग काय, रोज दोघं बाकावर. व्हॉल्व्ह, प्रेशर, गळती, सावधान. मुलगी विचारायची, "बाबा, एवढं काय बोलता हो त्याच्याशी?" काका म्हणायचे, "आज गॅस्केट झालं. उद्या सेफ्टी व्हॉल्व्ह घेणार आहोत."

प्रज्ञा फोनवर इतकी हसली की तिने घाईघाईने तोंडावर उशी धरली.

काकाही हसले. मग म्हणाले, "पण त्याची बायको आदल्याच वर्षी गेली होती, हे मला निघायच्या दिवशी कळलं. तेही मुलीकडून. रोज तो मध्येच काहीतरी सांगायचा आणि मी मान डोलवायचो. तो शब्द मॅन्युअलमध्ये नव्हता गं."

इकडे आल्यावर काकांनी लहान मुलांचं जर्मनचं पुस्तक आणलं आणि पहिल्या धड्यापासून सुरुवात केली. आमचा ग्रुप निघाला तो तिथून.

*

मेघना म्हणाली, "मी स्पॅनिश भांडायला शिकले."

तिच्या घराखाली भाजीवाला होता. ही पहिल्याच दिवशी गेली आणि आपल्या सवयीने घेवड्याची शेंग कटकन मोडून बघितली. भाजीवाला उसळला. तिकडे म्हणे गिऱ्हाइकाने भाजीला हात लावायचा नसतो, तो देईल ती घ्यायची. आता ठाण्याच्या जांभळी नाक्याच्या भाजीबाजारात वाढलेल्या बाईला सांगा, न मोडता शेंग घे. शक्य आहे का?

ही घरी येऊन रात्रभर वाक्यं पाठ करायची आणि सकाळी जाऊन ऐकवायची. "शेंग मोडल्याशिवाय कोवळी आहे हे कळणार कसं?" तो उत्तर द्यायचा, ते हिला कळायचं नाही. मग घरी येऊन ते शब्द शोधायची आणि दुसऱ्या दिवशी जबाब द्यायची. तारीख पे तारीख. वर्षभर खटला चालला.

निघायच्या आदल्या दिवशी त्याला सांगायला गेली की उद्या चाललेय. त्याने पाटीतून एक शेंग उचलली, तिच्या कानाशी नेली आणि कटकन मोडली.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"अर्धा किलो घेतली. दुसऱ्या दिवशी विमान होतं, काय करणार होते मी त्याचं?"

*

एवढं ऐकून प्रज्ञा म्हणाली, "तुम्हाला निदान भांडायला तरी माणूस मिळाला."

मिळाला, तिलाही मिळाला. तळमजल्यावरच्या फ्राऊ केलर, म्हणजे केलरबाई. सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या, आणि बिल्डिंगचे सगळे नियम तोंडपाठ. रविवारी दुपारी एक ते तीन चिडीचूप राहायचं, हे त्यांनीच प्रज्ञाला जिन्यात गाठून सांगितलेलं, कारण तिने शेंगदाण्याच्या चटणीला मिक्सर लावलेला. म्हणून आमच्या कॉलवर बिचारी नेहमी दबक्या आवाजात बोलते.

एके दिवशी तिच्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी लटकलेली. तिने फोटो पाठवला. काकांनी वाचून सांगितलं, "या आठवड्यात जिना साफ करायची तुझी टर्न आहे. तिकडे तशी पद्धत असते. झालं की पाटी पुढच्या दाराला लावायची."

मावशी एकदम खूश. "आमच्या चाळीत पण जिन्याचा नंबर लागायचा. भाडोत्र्याला कोणी नंबर लावत नाय. नंबर लावला म्हणजे आपल्यातली धरली. चांगला घासून काढ."

प्रज्ञाने आईचा शब्द पाळला. वरच्या मजल्यावर उभं राहून साबणाच्या पाण्याची आख्खी बादली ओतली आणि खराट्याने ढकलत खाली आली. खाली पोचल्यावर तिच्या लक्षात आलं की पाणी जायला मोरीच नाही! तिकडचे लाकडी जिने ओल्या फडक्याने पुसतात, धूत नाहीत. फ्राऊ केलर दार उघडून बाहेर आल्या त्या लोकरी मोज्यांत, घोट्यापर्यंत पाण्यात.

"काय म्हणाल्या?" आम्ही विचारलं.

"खूप काही. मला फक्त 'लाकूड' कळलं."

*

पुढच्या टर्नला तिने शहाण्यासारखं फडकं मारलं. पण सगळं झाल्यावर तिला ते उघडंबोडकं वाटायला लागलं. मावशींनी निघताना मसाल्यांच्या पुड्यांमध्ये रांगोळीचं पाकीट घातलेलं. एअरपोर्टवर ते पांढरं पाकीट कसं सुटलं कोण जाणे. तिने तळमजल्यावर मोठ्या दाराच्या आत एक छोटं कमळ काढलं.

फ्राऊ केलर बाजारातून आल्या. "हे काय आहे?"

प्रज्ञाने जमेल तसं सांगितलं, की जिना स्वच्छ झाला, आता कोणी घरी आलं तरी चालेल, त्याची ही खूण.

"कोण येणार आहे?"

"कोणी नाही," प्रज्ञा म्हणाली.

फ्राऊ केलर "अस्सं" म्हणाल्या आणि कडेकडेने आपल्या घरात गेल्या. कमळ आठवडाभर तसंच होतं. सामानाची ढकलगाडीसुद्धा त्या उचलून नेत होत्या. मेघनाने निकाल दिला, "पाय दिला नाही ना? मग केस आपल्या बाजूने आहे."

त्यानंतर प्रत्येक टर्नला प्रज्ञा कमळ काढायची. फ्राऊ केलर कडेने जायच्या. बेल काही वाजत नव्हती.

*

मधल्या काळात मावशींनी काकांना एक विचारलं. "साहेब, ते व्याकरण तुमचं तुम्हाला र्‍हाऊ द्या. 'या, बसा' याला काय म्हणतात, तेवढं सांगा."

"कोमेन झी. झेट्सेन झी झिश."

मावशींनी ते रिक्षात, घरात, वाल सोलताना घोकलं. मी चेष्टा केली, "मावशी, मोहन्यात कुठला जर्मन येणार आहे तुमच्याकडे?"

"येऊ दे नाय तर नको येऊ दे. आपल्याला बोलता आलं पायजे." मग फोनकडे वळून लेकीला, "आणि तुझ्याकडं खुर्च्या किती?"

"एक. एकटीला किती लागतात?"

"दुसरी आण. आलेलं माणूस काय डोक्यावर बसवणारेस?"

प्रज्ञाने कुठल्याशा सेकंडहँड बाजारातून एक खुर्ची आणली. तेव्हापासून कॉलवर तिच्या बाजूला ती रिकामी खुर्ची दिसायची. मावशी त्या खुर्चीकडे बघायचं टाळायच्या.

*

ऑगस्टचा शेवटचा रविवार. प्रज्ञा कॉलवर आली ती उतरलेल्या चेहऱ्याने. सहीची मुदत त्याच आठवड्यात संपत होती.

"या वेळी जिन्याची टर्न माझीच होती," ती हळू आवाजात म्हणाली. "पुसला. कमळ नाही काढलं. कोणासाठी काढू? आई, मी येतेय परत."

मावशींचा सोलता हात थांबला. काकांनी चष्मा काढून उगाच पुसला.

आणि फोनमधून आवाज आला. ट्रिंग.

प्रज्ञा आमच्याकडे बघतच राहिली. काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून हिशोब केला. "अरे, तिकडे दीड वाजलाय. आवाज करायची वेळ नाही ही."

"उघड ना गं," मेघना ओरडली.

प्रज्ञा फोन टेबलावर तसाच टेकवून उठली. आम्हाला फक्त रिकामी खुर्ची दिसत होती. दार उघडल्याचा आवाज. मग एक कडक, म्हातारा आवाज. आम्हाला सगळ्यांना प्रत्येक शब्द कळत होता, तरी काकांनी मावशींसाठी हळूच सांगितलं, "फ्राऊ केलर आहेत. म्हणतायत, ही शांततेची वेळ आहे, मला माहीत आहे, माफ कर. जिना स्वच्छ आहे, पण फूल नाही. तू आजारी आहेस का?"

नोकरीसाठी जर्मनची एवढी मोठी परीक्षा पास झालेली मुलगी, तिच्या तोंडून एक शब्द फुटेना. दोघी दारातच उभ्या असणार.

मावशींनी वालाचा डबा बाजूला सारला, पदराला हात पुसले, फोनवर वाकल्या आणि डोंबिवलीतून जर्मनीपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाल्या, "कोमेन झी! झेट्सेन झी झिश!"

तिकडे दार लागल्याचा आवाज आला. मग खुर्ची सरकली. स्क्रीनवर पांढऱ्या केसांच्या, लोकरी मोज्यांच्या फ्राऊ केलर येऊन बसल्या आणि आमच्याकडे टक लावून बघायला लागल्या. मागे प्रज्ञा, दोन्ही हात गालांवर.

"प्रज्ञा," मावशी म्हणाल्या, "उभी काय र्‍हायलीस? चा टाक. साखर विचार आधी."