बादलीपाशी तीन तास

देवाने संयम वाटला, तेव्हा हजेरीमास्तर रांगेत उभे राहिले नसावेत, असं त्यांची बायको म्हणते. आणि ती देवाचं नाव उगाच घेणारी बाई नाही. कारखान्याच्या फाटकात बसून तीस वर्षं मास्तरांनी लोकांचे उशीर टिपले. घरी चहा गाळायच्या आत यांचा कप पुढे. कढत असला तर दोष बायकोचा, निवला तरी तिचाच.

निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी भेट दिली. बहुधा सूडच तो.

पहिला तारामासा मास्तरांनी पिशवीतून थेट पेटीत सोडला. "पाहुण्याला काय उंबऱ्यावर ताटकळत ठेवायचं?" दोन दिवसांत तो विरघळला. दुसऱ्याचीही तीच गत. तिसऱ्या वेळी दुकानदाराने हातच जोडले. "काका, मी जिवंत प्राणी विकतो, मयताचं सामान नाही." शेवटी अट घालून दिला. पिशवीतल्या पाण्यासकट बादलीत ठेवायचा, वर पेटीतलं पाणी बारीक नळीने थेंब थेंब सोडायचं, तीन तास. पेटीचं पाणी जास्त खारट, एकदम बदल त्याला सोसत नाही. "हा गेला, तर पुन्हा माझी पायरी चढू नका."

शनिवारी सकाळी अकराला मास्तर स्टुलावर बसले, नळीची गाठ चिमटीत धरून. सैल सोडली की धार लागे, आवळली की थेंबच बंद.

बायकोला हाच मुहूर्त हवा होता. दुपारच्या बसने वन्सं येणार होत्या, गुडघ्याच्या ऑपरेशनला, महिनाभर राहायला; आणि मास्तरांना त्याचा पत्ताच नव्हता. भावाबहिणीचं बारा वर्षं बोलणं नव्हतं. आई शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हा यांना कामावर उशीर होत होता. हे निघाले, आणि कोपऱ्यावर पोचायच्या आत आई गेली. त्यावर ही बहीण, आक्का, चारचौघांत जे बोलली ते खरं होतं, म्हणून तर विसरता येईना. तिचं नाव निघालं की हे चपला सरकवून चालते व्हायचे. आज कुठे जाणार? पण दारातूनच परत धाडलं तर? बायकोने मनातल्या मनात देवाला हाक मारली.

"अहो, वन्संचा फोन आला होता."

चिमटी आवळली. थेंब थांबले.

"नळीकडे बघा." थेंब सुरू झाले.

पाव तासाने ती म्हणाली, "गुडघा फार धरलाय म्हणे."

"वजन कमी कर म्हणावं."

आणखी पाव तास. "आपल्याकडचे डॉक्टर चांगले आहेत, म्हटलं मी."

"तुला कुणी विचारलं होतं?"

"कुणी नाही. ऑपरेशन सोमवारी आहे."

"कुठे?"

"इथेच."

"आणि राहणार कुठे?"

बायकोने बादलीतलं दोन कप पाणी काढून मोरीत ओतलं. दुकानदाराने तेही सांगितलं होतं. सावकाश हात पुसले.

"बस एकला पोचते."

"कधीची?"

"अहो, आजची."

मास्तर ताडकन उठले. नळीला धार लागली, तारामाशाचा एक हात आक्रसला. मास्तर मटकन खाली बसले, गाठ आवळली.

"मला माशासारखं भिजत घातलंस होय गं!"

"एकदम सांगितलं असतं तर सोसलं असतं का?"

सव्वाच्या सुमारास दाराची बेल वाजली. आक्का काठी टेकत आत आली. मास्तरांनी मान वर केली नाही.

"आक्का, मला उठता येत नाही."

"मला तरी कुठे बसता येतंय?" आक्का म्हणाली. मग वाकून बादलीत बघत, "हे काय आणि?"

"तारामासा. इथल्या पाण्याची सवय करतोय."

"जगेल?"

"दोन-तीन दिवस गेल्याशिवाय कळत नाही."

"बरं झालं. तोवर तरी मला हाकलणार नाहीस."

दहा-बारा थेंब पडले. मग मास्तर बायकोवर खेकसले, "अगं, उंच खुर्ची आण तिला, गुडघा वाकवायला नको. उभी काय राहिलीस? लवकर!"