शेजारचा खोकला

आम्ही तिघे साताऱ्याच्या एकाच शाळेतले. मी पुढे शिक्षक झालो आणि साताऱ्यातच राहिलो. दुसरा फौजेत गेला आणि सुभेदार होऊन परतला. तिसऱ्याने सांगलीत औषधांचं दुकान काढलं. आता तिघेही सत्तरीला टेकलोय. पूर्वी भेटलो की सिनेमावर बोलायचो, हल्ली झोपेवर बोलतो.

या बाबतीत सुभेदार श्रीमंत. फौजी ट्रकमध्ये उभ्या उभ्या झोपायची सवय त्याला, अजूनही बोलता बोलता घोरायला लागतो. सांगलीकर अगदीच कंगाल. जन्मभर लोकांना झोपेच्या गोळ्या दिल्या, पण स्वतः अंथरुणावर पडला की दिवसभरात कोण काय बोललं आणि आपण त्याला काय सुनवायला हवं होतं, याचीच उजळणी चालते. मी दोघांच्या मधला.

गेल्या थंडीत सांगलीकर माझ्याकडे मुक्कामाला आला होता. सुभेदारही आला. चहा पिताना सांगलीकर म्हणाला, "नीट झोप नसेल तर माणूस फार जगत नाही म्हणतात. म्हणजे माझं काही खरं नाही."

"माझ्या आत्याला विचार की," सुभेदार म्हणाला. "नव्वदी कवाच मागं टाकली तिनं. उठा, जाऊन येऊ."

मेढ्याच्या पुढे डोंगराच्या कुशीत आत्याचं गाव. आम्ही पोहोचलो तेव्हा आत्या सोप्यात ऊन खात बसली होती. अंगाने काटकुळी, पण आवाज खणखणीत. सांगलीकराने बसता बसताच विचारलं, "आत्या, एवढं आयुष्य कशानं मिळालं?"

"नाचणीची भाकरी. गोडाला हात लावत न्हाई मी."

आतून सूनबाई हसत म्हणाल्या, "गोडाला हात लावत न्हाईत? मग डब्यातलं पेढं उंदीर नेतात जणू!"

आत्याला ऐकू गेलं नाही, किंवा तिने ऐकून घेतलं नाही. शेजारच्या घराकडे मान वळवून म्हणाली, "आन् दुसरं कारण त्या भिंतीपलीकडं हाय. माझी धाकटी जाव. ती आदी जाऊ दे, मग मी बगते जायाचं."

दोघी जावांचं बोलणं शेताच्या बांधावरून तुटलं होतं. भांडले होते नवरे. ते दोघेही केव्हाच गेले, बांध मोजून झाला, नातवंडं एकमेकांच्या घरी जेवू लागली. दोघींचा अबोला मात्र तसाच राहिला.

झुणका, भाकरी आणि इंद्रायणीचा भात असं जेवण झालं. सोप्यात घोंगडी अंथरली होती. सुभेदार लवंडला आणि लगेच घोरू लागला. मी जरा कलंडलो. बघतो तर सांगलीकरही तोंड उघडं टाकून गाढ झोपलेला. अशी झोप त्याला कितीतरी महिन्यांनी लागली होती, असं तो नंतर म्हणाला.

आत्या मात्र जागी होती. सारखी भिंतीला कान लावत होती. शेवटी तिने काठीने सुभेदाराला ढोसलं.

"ऊठ रं. पल्याडनं खोकला आला न्हाई आज."

"कुणाचा?"

"सटवीचा! जेवल्यावर खोकते ती. तो ऐकला की मला झोप लागती. आज सकाळधरनं आवाज न्हाई. तिच्या घरातली समदी लग्नाला गेल्याती. जाऊन बगा जरा. मी पाठवलं म्हनून सांगू नगा."

आम्ही तिघे झटकन उठलो. शेजारच्या घराचं दार लोटलेलं होतं. हाका मारल्या, उत्तर नाही. सुभेदाराने दार ढकललं.

आत धाकटी जाऊ चुलीजवळ पाटावर बसून आंबोळ्या घालत होती. कानाला मफलर घट्ट बांधलेला. आम्हाला बघून दचकली, मग मफलर सोडला.

"आवाज न्हाई आला म्हनून धाडलं व्हय तुमाला?" ती म्हणाली.

सुभेदाराने लष्करी थाटात खोटं सांगितलं, "न्हाई काकी, आमी सहज आलो."

"सहज कोन येतंय? डाक्टरानं नवं औषद दिलंय, त्यानं खोकला गेला. सांगा तिला, म्हातारी अजून खुटखुटीत हाय." तिने केळीच्या पानावर चार आंबोळ्या ठेवल्या. "ह्या न्या. माझं नाव घेऊ नगा, न्हाईतर कुत्र्याला घालंल."

परत येऊन आम्ही काकी बरी असल्याचं सांगितलं. आत्याने एक लांब श्वास सोडला आणि लगेच चेहरा कोरडा केला. आंबोळीचा तुकडा मोडून तोंडात टाकला. "मीठ कमी. हिला कवाच जमलं न्हाई," असं म्हणत तिने चारही संपवल्या. मग भिंतीला पाठ टेकून डोळे मिटले. आम्ही निरोप घ्यायला थांबलो, पण ती झोपली होती.

परतीच्या वाटेवर सांगलीकर म्हणाला, "एवढा राग, एवढा हेका. आणि तरी किती सुखात आहेत दोघी."

"राग कुटं हाय तो आता?" सुभेदार गाडी चालवत म्हणाला. "सवय हाय ती. लय जुनी."

"मला वाटायचं, फार जगायला स्वभाव चांगला लागतो," मी म्हणालो.

"तसं असतं तर गावात एकही म्हातारं माणूस दिसलं नसतं," सांगलीकर म्हणाला, आणि आम्ही इतके हसलो की सुभेदाराला गाडी बाजूला घ्यावी लागली. खाली स्ट्रॉबेरीचे वाफे होते. एक बाई पाटीत फळं वेचत होती. सांगलीकर उतरला, तिच्याकडून पाटीभर घेऊन आला, आणि रस्त्याकडेला उभं राहून आम्ही ती न धुताच खाल्ली.